अडुळशाचे कुंपण आणि घरातील खोकला

परसात एखादे औषधी झाड लावावयाचे झाल्यास अडुळशाइतके सोयीचे झाड क्वचितच सापडेल. त्याच्या कडू पानांस शेळीदेखील सहसा तोंड लावीत नाही. म्हणून ते कुंपणास चांगले. पावसाळ्याच्या आरंभी जून फांदीच्या तीन-चार डोळ्यांच्या, वीतभर लांबीच्या कांड्या रोवाव्यात. पाणी साचणारी जागा मात्र टाळावी. कुंपण दाट झाल्यावर छाटलेला पाला भातखाचरात हिरवळीचे खत म्हणून घालता येतो.

अडुळशाची फुले पांढरी, ओठांच्या आकाराची असून त्यांवर जांभळट रेषा असतात. अरुंद पानांचा व जांभळट खोडाचा काळा अडुळसा ही निराळी वनस्पती होय. तिची पाने घेऊ नयेत.

पानांतील वासिसिन या द्रव्यामुळे कफ सुटण्यास मदत होते. ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध याच द्रव्याच्या धर्तीवर तयार करण्यात आले. नुसती पाने कुटल्यास रस फारसा निघत नाही. ती धुऊन, वाफवून, मग कुटून पिळावीत. साध्या खोकल्यात मोठ्या माणसास दोन चहाचे चमचे रस मधाबरोबर दिवसातून दोनदा, काही दिवस द्यावा. गरोदर स्त्रीस अडुळसा मुळीच देऊ नये, कारण त्याने गर्भाशय आकुंचन पावण्याचा संभव असतो. एक वर्षाच्या आतील मुलास मध चाटवू नये.

खरा धोका निराळाच आहे. थुंकीतून रक्त पडण्यावर अडुळसा गुणकारी, असे जुन्या वैद्यकात सांगितले असल्याने क्षयाचा रोगी काढ्यावर महिनेच्या महिने काढतो आणि तोवर घरातील इतरांसही रोगाची बाधा होते. अडुळशाने खोकला सैल होतो, क्षयाचे जंतू मरत नाहीत. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, थुंकीत रक्त, सायंकाळचा बारीक ताप, वजनातील घट, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्यावी. तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात. लहान मुलास धाप लागून श्वास जलद चालू लागल्यास काढा उकळीत न बसता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने लावणीसाठी कांड्या वाटताना, घरात कोणास खोकला आहे व तो किती दिवसांपासून, एवढे अवश्य विचारावे.