आधी बूट, मग मशीन

पाण्यात मेटल डिटेक्टर चालवायला निघालेली मंडळी मशीनबद्दल तासन्‌तास बोलतात. कॉइल किती इंचांची, खाऱ्या पाण्यात कुठलं मशीन शांत राहतं, हेडफोन कुठले घ्यायचे. पायात काय घालायचं हा विषय निघालाच, तर उत्तर ठरलेलं असतं: ‘पोहायचे रबरी बूट आहेत की, चालतील.’ मी फ्लोरिडात, टॅम्पाजवळच्या किनाऱ्यांवर हा छंद करतो आणि माझं मत विचाराल तर अजिबात चालत नाहीत. पोहणाऱ्याचा पाय तळाला जेमतेम टेकतो. आपला पाय तिथे मजुरी करत असतो.

कशी, ते सांगतो. मांडीभर पाण्यात कॉइल फिरवताना आवाज आला, तरी गढूळ पाण्यात ती जागा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून कॉइलच्या मध्याशी बुटाचं टोक टेकवून खूण धरायची, कॉइल बाजूला घ्यायची आणि लांब दांड्याचा, भोकं पाडलेला स्टीलचा स्कूप त्या टोकाशी वाळूत रोवायचा. रोवायचा म्हणजे त्याच्या मागच्या कडेवर पाय देऊन अंगाचा सगळा भार टाकायचा. पातळ तळाच्या बुटात ती कड तळपायाच्या खोलगट भागात रुतते. पाण्यात असताना काही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी पलंगावरून पाय खाली टेकवला की जाणवतं. स्कूपची पुढची धार अंगठ्यापासून चार बोटांवर असते हे वेगळंच.

दुसरी गोष्ट नवख्यांच्या ध्यानात येत नाही. पोहणाऱ्याच्या पायाखाली मासेमारीचा गळ आला तर तो योगायोग. आपण मात्र गळाचा आवाज ऐकत त्याच्यापर्यंत चालत जातो. किनारा आणि वाळूचा बांध यांच्यामधल्या खोलगट पट्ट्यात जड वस्तू साठतात, म्हणून अंगठ्या तिथेच मिळतात. गळाला लावायची शिशाची वजनंही तिथेच असतात आणि कधीकधी त्यांना गळ तसाच अडकलेला असतो. शीतपेयाच्या डब्यांच्या जुन्या ओढपट्ट्यांचंही तसंच. अर्मल फ्रेझ यांनी १९६०च्या दशकात काढलेली ही पट्टी ओढली की डब्यापासून सुटायची आणि लोक ती तिथेच फेकायचे. डब्यालाच चिकटून राहणारी पट्टी १९७५ मध्ये आली, पण आधीच्या अजून वाळूत आहेत आणि त्यांची वळलेली कड ब्लेडसारखी कापते. मशीनवर त्या गाळून टाकाव्यात, तर त्यांचा सिग्नल सोन्याच्या अंगठीच्या जवळपास येतो. पट्टी सोडली की सोनंही सुटतं. म्हणजे त्यांच्यापर्यंत जाणं आलंच.

सप्टेंबर २०२४ मध्ये हेलेन चक्रीवादळ आणि ऑक्टोबरमध्ये मिल्टन आलं. समुद्राने घरांच्या फळ्या, कुंपणं, लाकडी धक्के आत ओढून नेले. त्यानंतरच्या थंडीत एका सकाळी माझ्या निओप्रीनच्या बुटातून खिळा आरपार टाचेत शिरला. जखम इतकी बारीक की रक्तही फारसं आलं नाही. डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पण त्यांची काळजी दुसरीच होती. उबदार खाऱ्या आणि मचूळ पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जिवाणू राहतो. तो जखमेतून शिरला की हातपाय कापायची किंवा जीव जायची वेळ येऊ शकते. यकृताचा आजार किंवा मधुमेह असणाऱ्यांना धोका जास्त. २०२२ चं इयन आणि २०२४ चं हेलेन, या दोन्ही वादळांनंतर फ्लोरिडात असे रुग्ण वाढले होते. माझ्या टाचेची सूज आपोआप उतरली. पायाला आधीच चीर असेल तर मात्र मी आता पाण्यात उतरत नाही, मग भरती-ओहोटीचं गणित कितीही जुळलेलं असो.

तर बूट कसा निवडायचा? दुकानात मी बुटाच्या आत हात घालून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने बाहेरून तळ जोरात दाबतो. अंगठा आत जाणवला तर बूट परत. नंतर तो मधोमध दुमडून पाहतो. सहज दुमडला तर स्कूपवर भार टाकताना तो पायाला काही आधार देणार नाही. डायव्हिंगसाठी मिळणारे, पाच मिलिमीटर निओप्रीनचे, जाड खाचदार तळाचे आणि घोट्याच्या वर येणारे बूट बरे पडतात. तेवढ्याने खिळा मात्र थांबत नाही.

खिळ्यासाठी आतून एक थर लागतो. बांधकामावरच्या बुटांत स्टीलचा पत्रा असतो आणि तो सर्वांत भरवशाचा. पण आपण बुटाच्या टोकाने खूण धरतो ना? स्टीलचं टोक किंवा तळपत्रा असला की कॉइल जवळ येताच मशीन किंचाळतं. म्हणून बिनधातूचा, घट्ट विणलेल्या मजबूत धाग्यांचा तळ घ्यावा. तो सुटाही मिळतो आणि आतल्या अस्तराखाली बसतो. इथे एक मेख आहे. ईएन आयएसओ २०३४५ या मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीत अशा कापडी तळांचे दोन प्रकार केले आहेत: ‘पीएल’ची चाचणी साडेचार मिलिमीटर जाडीच्या खिळ्याने, ‘पीएस’ची तीन मिलिमीटरच्या. बारीक खिळाच जास्त सहज घुसतो, त्यामुळे ‘पीएस’ घ्यावा. बोटांवर संरक्षक टोपी हवी असेल तर कॉम्पोझिटची. पितळी चेन किंवा लेसची धातूची भोकंही आवाज देतात, म्हणून घरी आणल्यावर बूट जमिनीवर ठेवून त्यावरून कॉइल फिरवून बघावी. तळ घालायचा म्हणजे बूट एक नंबर मोठा लागणार, हे पैसे देण्याआधी आठवावं.

गमबुटाच्या वाटेला जाऊ नका. एक लाट वरून आत आली की पाय उचलत नाही. सँडल, क्रॉक्स वगैरेंबद्दल लिहिण्यात कागद घालवत नाही.

एका शत्रूपुढे मात्र कुठलाच बूट खात्रीचा नाही, तो म्हणजे पाकट. उथळ उबदार पाण्यात तो वाळू अंगावर ओढून पडून राहतो. पाय पडला की शेपटीचा काटा घोट्यात मारतो आणि तो काटा निओप्रीन भेदतो. पाय उचलून न टाकता घासत चालायचं, म्हणजे तो आधीच निसटतो. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांच्या, अर्धा ते दीड तास पाय ठेवायचा. उष्णतेने विषाचा जोर जातो आणि वेदना उतरतात. त्यानंतर डॉक्टर आहेतच. माझ्या गाडीत गरम पाण्याचा थर्मास आणि घडीची बादली असते. बायको हसते, हसू दे.

गेल्या वर्षी मालवणच्या मामेभावाने मशीन आणायला सांगितलं होतं. मी त्याला १८७८ चा निधी कायदा सांगितला: जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं, तरी कलेक्टरला कळवावं लागतं. मशीनऐवजी बूट नेले, कारण तो खडपावर कालवं काढायला जातो आणि कालवाच्या कडांपुढे गळ परवडला. महिन्याने त्याचा फोन आला: “बूट बरे आसत, पण आतली रेती काडूक अर्धो दीस जाता.” बरोबर आहे त्याचं. बुटाच्या तोंडावर आवळायची निओप्रीनची पट्टी वेगळी मिळते, ती न्यायची राहिली होती.