परसातल्या वाफ्याला ठिबक

अनुवाद 11:10-11 मध्ये दोन प्रकारच्या जमिनी आहेत: पायाने पाणी द्यावे लागणारी मिसरची आणि आकाशातला पाऊस पिणारी. रत्नागिरीत दोन्ही! पावसाळ्यात 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस, पण जांभ्यात पाणी ठरत नाही. एप्रिलमध्ये कातकरी वाडीतल्या बाया लांबून हंडे वाहतात. तो हंडा मिरची-वांग्याला ओतला, तर घरात काय उरणार?

बादली मीटरभर उंच ठेवावी. तळाशी तोटी, पुढे गाळणी, मग 16 मिलिमीटरची नळी. प्रत्येक रोपाशी एक ड्रिपर. वाफा सपाट हवा, नाहीतर सखल रोपेच पाणी पितात. भाजी धुतलेले पाणी फडक्यातून गाळून चालते. आठवड्याने नळीचे टोक उघडून गाळ सोडावा. मुळाशी पालापाचोळा पसरावा.

देणगीदारांनो, बादलीबरोबर गाळणीही द्या. ती नसली की ड्रिपर तुंबतात आणि संच कुडाला टांगलेला राहतो.