घरातली जागा आणि औषधांची जागा



पेसाहच्या आधी घर आवरायला काढले की इथे अमेरिकेत आपल्या प्रत्येक घरातून एकच तक्रार ऐकू येते, की सामान ठेवायला जागा नाही. मटणाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी, पेसाहची त्याहून वेगळी. शिवाय रोश हशानाला चिकाचा हलवा आटवायचे जाड बुडाचे पातेले, मलिद्याची ताटे, मुंबईहून आणलेली विळी. कोकणातले आपले वाडवडील पेसाहला 'अनाशी ढाकाचा सण' म्हणत. अनास म्हणजे आंबट कालवणाचे मडके, ते सणापुरते झाकून ठेवायचे. त्यांना झाकायला मडके होते, आपल्याला कपाटांच्या रांगा आहेत.

जागा शोधणे हा आरोग्याचा विषय कसा, असे कोणी विचारील. मी आयुष्यभर परिचारिका होते. घरातले बरेच अपघात वस्तू भलत्या जागी ठेवल्याने होतात, हे दवाखान्यात बसून चांगले दिसते. म्हणून कुठे जागा काढावी आणि कुठे काढू नये, ते सांगते.

आधी औषधे. अमेरिकन न्हाणीघरात आरशामागे एक छोटे कपाट असते. त्याला इथे मेडिसिन कॅबिनेटच म्हणतात, म्हणून सगळे औषधे तिथेच कोंबतात. नावावर जाऊ नका. शॉवरच्या वाफेने ती जागा रोज गरम आणि दमट होते. बहुतेक गोळ्यांना ६८ ते ७७ अंश फॅरनहाइट, म्हणजे २० ते २५ सेल्सिअस, अशी कोरडी जागा लागते. त्या कपाटात कंगवे, टूथपेस्ट, दाढीचे सामान ठेवा. (जुन्या घरांत या कपाटाच्या पाठीला एक बारीक फट असते. वापरलेली ब्लेडे तिच्यातून भिंतीच्या पोकळीत टाकायची पद्धत होती. भिंत उघडणार असाल तर सुताराला आधी सांगा.)

औषधांना झोपण्याच्या खोलीतल्या कपाटाचा वरचा कप्पा चांगला, आणि कुलपाची पेटी असेल तर फारच उत्तम. स्वयंपाकघरात ठेवायची तर शेगडी, सिंक आणि डिशवॉशरपासून लांब. फ्रिजच्या डोक्यावर नको, तिथे ऊब असते. न उघडलेले इन्शुलिन फ्रिजच्या मधल्या फळीवर ठेवा, बर्फाच्या खणाला चिकटवून नको. गोठलेले इन्शुलिन टाकूनच द्यावे. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी तिच्या मूळ काचेच्या बाटलीतच राहू द्या आणि ती मात्र हाताशी असू द्या. आठवड्याच्या डबीत ती काढून ठेवली तर तिचा जोर जातो.

सगळ्यात जास्त जागा मिळते ती जुनी औषधे काढून टाकल्याने. मागच्या खोकल्याचे सिरप, चार वर्षांपूर्वी दात काढल्यानंतरच्या दुखण्याच्या गोळ्या, गेलेल्या माणसाची औषधे. ही शेवटची टाकवत नाहीत, ते मला कळते. पण गुंगीच्या, अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या घरात पडून राहणे धोक्याचे आहे. पुष्कळ फार्मसींत परत घेण्याच्या पेट्या असतात, आणि एप्रिल व ऑक्टोबर महिन्यांत देशभर औषधे गोळा करण्याचा एक दिवस असतो. ते जमत नसेल तर साध्या गोळ्या कॉफीच्या चोथ्यात कालवून, पिशवी घट्ट बांधून कचऱ्यात टाका. इन्शुलिनच्या सुया जाड प्लॅस्टिकच्या रिकाम्या डिटर्जंटच्या बाटलीत जमवा आणि झाकण चिकटपट्टीने बंद करा. ती बाटली कुठे द्यायची ते गावागणिक वेगळे असते, विचारून घ्या.

आता नातवंडे. मुलांना उघडता येणार नाहीत अशा झाकणांचा कायदा इथे १९७० साली झाला. पण संधिवाताने आपल्यालाही ती उघडत नाहीत, म्हणून आपण फार्मसीतून सोपी झाकणे मागून घेतो. दिवसवार कप्प्यांची डबी तर बाळही उघडते. आणि आजीची पर्स! पर्स सोफ्यावर, पर्समध्ये गोळ्या, आणि दोन वर्षांचे पोर घरभर. मधुमेहाची ग्लिपिझाइड किंवा ग्लायबुराइडची एकच गोळी लहान मुलाची साखर जीवघेणी खाली आणू शकते, तीही काही तासांनी, तोवर मूल खेळत असते. म्हणून "बरे दिसतेय" म्हणून थांबू नये. लगेच १-८००-२२२-१२२२ या विषबाधा मदत क्रमांकावर फोन करा. तो रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत, आणि दुभाषाही मागता येतो. मूल बेशुद्ध असेल, झटके येत असतील किंवा श्वास लागला असेल तर ९११. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. पाहुणा आला की त्याची पर्स आणि कोट उंच खुंटीवर टांगायची सवय लावून घ्या, कोणी रागावत नाही. श्रवणयंत्राच्या बारीक बॅटऱ्याही औषधांच्याच पेटीत ठेवा. विळीच्या पात्याला जाड फडके गुंडाळून दोरीने बांधा.

पेसाहला हामेत्सची कपाटे चिकटपट्टीने बंद करताना आत औषधे राहिली नाहीत ना, ते पाहा. गोळीत स्टार्च आहे अशी शंका आली तर रब्बींना आणि डॉक्टरांना आधी विचारा. रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी स्वतःच्या मनाने आठ दिवस बंद करू नका.

बाकीच्या जागांचे थोडक्यात. ओव्हनमध्ये कढया आणि तवे ठेवायची आपल्याकडे फार आवड. सून येते, ओव्हन तापत लावते, आणि प्लॅस्टिकची मूठ पेटते. भट्टी आणि पाणी तापवायच्या टाकीभोवती तीन फूट मोकळे असू द्या, आणि गॅसच्या टाकीजवळ रंग, थिनर, पेट्रोल मुळीच नको, कारण त्यांची वाफ ज्योत पकडते. पलंगाखालची जागा मात्र उत्तम. चाकांच्या चपट्या खोक्यांत सणाची टेबलक्लॉथे, रजया, हलके सामान ठेवा. पलंग विजेवर वरखाली होणारा असेल तर त्याखाली काही नको. खणांच्या उंच कपाटात जड वस्तू खाली ठेवा आणि कपाट भिंतीला पट्टीने जखडून घ्या.

जिन्याच्या पायऱ्या ही साठवणीची जागा नव्हे, मग "वर जाताना नेईन" म्हणून ठेवलेले एक पुस्तक का असेना. ६५ वर्षांवरच्या चार माणसांत एकाहून जास्त दरवर्षी पडतात, आणि खुब्याचे हाड मोडल्यावर पुष्कळांना पूर्वीसारखे चालता येत नाही. जिन्यावर एक हात कठड्याला लागलाच पाहिजे, म्हणजे सामान एका हातात मावेल एवढेच. रोजची भांडी कमरेपासून खांद्यापर्यंतच्या फळ्यांवर. हलव्याचे पातेले वर्षातून एकदाच लागते, त्याला सगळ्यात वरची फळी चालेल. ते काढायला मात्र स्टुलावर तुम्ही चढू नका. रोश हशानाच्या आधीच्या रविवारी नातवाला जेवायला बोलवा आणि पातेले काढून घ्या.