बाबांना ‘आर’ का लागतो?

पाचवीतल्या एका मुलाच्या वहीत मी एकदा वाचलं: ‘माय फादर आर अ फार्मर. दे गेट अप अर्ली.’ त्याचे वडील त्या दिवशी शाळेत आले होते. माझ्या हातातली वही घेऊन त्यांनी त्या दोन ओळी मला अर्थ विचारत विचारत वाचल्या आणि मुलाकडे वळून म्हणाले, “एवढंसुद्धा येत नाही तुला? बाप एक आहे का दहा?” पोरगं मान खाली घालून उभं राहिलं. काय चुकलं हे त्याला कळलंच नव्हतं. फक्त बाबा चिडलेत, एवढं कळलं.

मी त्यांना विचारलं, “घरी हा तुमच्याबद्दल काय म्हणतो? बाबा आला, की बाबा आले?”

“आले,” ते म्हणाले.

“मग त्यानं इंग्रजीतही तुमचा मानच राखलाय.”

पालकांनो, त्या दिवसानंतर मी या एका विषयावर पालकसभेत पुन्हा पुन्हा बोलत आले आहे. मूल ‘ही गो’ लिहितं, ‘शी हॅव’ लिहितं, ‘माय फ्रेंड्स इज’ लिहितं आणि आपल्याला वाटतं, अभ्यासात लक्षच नाही. इतकी वर्षं वह्या तपासल्यावर मला खात्रीनं सांगावंसं वाटतं की यातल्या बहुतेक चुकांमागे आळस नसतो. तिथे मूल विचार करत असतं. तो विचार ओळखता आला, तर ओरडण्याची वेळ येत नाही.

आपलं मूल मराठीत काय काय सांभाळतं, ते एकदा मोजून बघा. तो जातो, ती जाते, तू जातोस, तुम्ही जाता, ते जातात. एक की अनेक, मुलगा की मुलगी, मी की तू की तो, सगळं त्या एका क्रियापदात बसवायचं. एवढ्यावर भागत नाही. भूतकाळात गेलं की ‘खाणे’सारखं क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं. मुलीनं आंबा खाल्ला, मुलीनं पोळी खाल्ली, मुलीनं आंबे खाल्ले. खाणारी तीच, पण क्रियापद बदललं ते आंब्यामुळे आणि पोळीमुळे. कर्माला ‘ला’ लागला, तर क्रियापद दोघांनाही सोडून मोकळं होतं: मुलीनं मांजरीला मारलं. यालाच आपण कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग म्हणतो. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त या प्रयोगांची सविस्तर चर्चा आहे. तुमचं मूल मात्र हे सगळं शाळेत जायच्या आधी, तुमच्या मांडीवर बसून शिकलेलं असतं. ‘पोळी खाल्ला’ असं ते चुकूनही म्हणत नाही.

ज्या मुलाला हे जमतं, त्याला ‘गो’ आणि ‘गोज’ ही दोनच रूपं जड का जावीत?

एक कारण असं की त्या ‘एस’नं अर्थात काही भर पडत नाही. ‘शी’ म्हटल्यावर एकच मुलगी आहे हे कळलेलंच असतं. शेवटचा ‘एस’ गळला तरी ऐकणाऱ्याचं काही अडत नाही. इंग्लंडच्या पूर्वेकडे नॉर्फक भागातल्या जुन्या बोलीत लोक आजही ‘ही गो’ असंच म्हणतात आणि ती त्यांची मायबोली आहे. परीक्षेत आणि नोकरीच्या अर्जात प्रमाण इंग्रजी लागतं, म्हणून आपल्या मुलांना तो ‘एस’ आलाच पाहिजे, यात शंका नाही. पण तो गळाला म्हणजे बुद्धी कमी, असं समजायला काहीच आधार नाही.

आणि हा ‘एस’ इंग्रजी घरातल्या मुलांनाही उशिराच येतो. रॉजर ब्राऊन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं तीन लहान मुलांचं बोलणं कित्येक महिने टिपून ठेवलं आणि १९७३ साली त्यावर पुस्तक लिहिलं. शब्दांना लागणाऱ्या प्रत्ययांसारख्या चौदा गोष्टी मुलं कोणत्या क्रमानं शिकतात, हे त्यानं मांडलं. ‘डॉग्ज’मधला अनेकवचनाचा ‘एस’ त्या मुलांना लवकर आला. ‘ही रन्स’मधला ‘एस’ त्यांना बराच उशिरा, दहाव्या क्रमांकावर आला. ज्यांच्या कानावर जन्मापासून हीच भाषा पडते, त्यांना एवढा वेळ लागतो. मग आपल्या मुलाला चौथीत-पाचवीत तो पक्का आला नाही, तर घाबरून जायचं कारण काय?

तुमच्यापैकी अनेकांनी पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी गिरवली असेल. राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. घरातल्या मोठ्यांनी उशिरा सुरुवात करून, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पुढे ठेवून वाक्यं पाठ केली. तेव्हा आपण किती अडखळलो होतो, हे आठवलं तरी आवाज आपोआप खाली येतो.

दुसरं कारण मला वह्यांतून दिसलं. मुलांच्या इंग्रजी निबंधांत ‘आय’ भरलेला असतो. आय लाइक, आय प्ले, आय गो. घरी आपणही विचारतो ते ‘यू’चंच: व्हॉट डू यू वॉन्ट? ‘आय’ आणि ‘यू’ दोघांनाही ‘एस’ लागत नाही. म्हणजे ज्या वाक्यात त्याची गरज पडेल, ते वाक्य मुलाच्या तोंडी फारसं येतच नाही. मग सवय कशी होणार?

शिवाय ‘एस’ दिसला की मुलाला ‘अनेक’ आठवतात, कारण बॉय आणि बॉईज त्यानं आधी शिकलेलं असतं. म्हणून ते ‘द बॉईज प्लेज’ लिहितं. इथे मी फळ्यावर दोन वाक्यं एकाखाली एक लिहायचे: द बॉय प्लेज. द बॉईज प्ले. आणि सांगायचे की नाम आणि क्रियापद या दोघांत मिळून एकच ‘एस’ आहे, तो एका वेळी एकाकडेच राहतो. ‘चिल्ड्रन’सारखे शब्द या युक्तीत बसत नाहीत, ते वेगळे सांगावे लागतात. प्रश्न विचारतानाही हीच वाटणी चालते. ‘ही गोज’चा प्रश्न केला की ‘एस’ ‘डज’कडे जातो आणि ‘गो’ रिकामा राहतो: डज ही गो? ‘डज ही गोज’ लिहिणाऱ्या मुलीला मी एवढंच विचारायचे, “तुझ्याकडे ‘एस’ एकच होता ना? मग दुसरा कुठून आणलास?” ती खुदकन हसायची आणि स्वतःच खोडायची.

आता बाबांच्या मानाकडे परत येऊ. मराठीत एका वडीलधाऱ्या माणसासाठी आपण अनेकवचन वापरतो. आजोबा आले, गुरुजी म्हणाले, बाबा शेतकरी आहेत. इंग्रजीत वडिलांबद्दल बोलताना तसं करता येत नाही. ‘माय फादर इज’ म्हणण्यात अनादर नाही, त्या भाषेत आदर दाखवायच्या जागा वेगळ्या आहेत, हे मुलाला स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं. त्या वडिलांनीही मला हेच विचारलं, “म्हणजे इंग्रजीत मी अरेतुरेतलाच का?” मग मी त्यांना ‘यू’ची गोष्ट सांगितली. इंग्रजीतही पूर्वी ‘तू’साठी ‘दाऊ’ होता आणि ‘यू’ अनेकांसाठी होता. पुढे एकाच माणसाला मान द्यायचा तर त्याला ‘यू’ म्हणू लागले, अगदी आपल्या ‘तुम्ही’सारखं. मग सगळेच एकमेकांना ‘यू’ म्हणू लागले आणि ‘दाऊ’ मागे पडला. म्हणून समोर एकच माणूस असला तरी ‘यू आर’ म्हणायचं, ‘यू इज’ म्हणायचं नाही. तुम्ही एकटे असलात तरी ‘तुम्ही आहात’ म्हणतो, तसंच. मुलानं हे ऐकलं आणि त्या वर्षात ‘यू’पुढे त्यानं कधी ‘इज’ लिहिलं नाही.

मराठीचा हात धरून इंग्रजीत असं नेता येतं, हेच मला तुम्हाला कळकळीनं सांगायचं आहे. इंग्रजी सुधारावं म्हणून घरात मराठी बंद करणारे पालक मी पाहिले आहेत. त्यांच्या मुलांच्या हातून नेमका हा आधार सुटतो.

एक उदाहरण जरा सावकाश सांगते, कारण इथे मोठी माणसंही चुकतात. ‘द बॉक्स ऑफ मँगोज इज हेवी’ हे बरोबर. पण मुलं हटकून ‘आर’ लिहितात. का? ‘मँगोज’ अगदी क्रियापदाला खेटून बसला आहे आणि कानात तोच घुमतो. खरा कर्ता ‘बॉक्स’ मागे राहून गेला. आता मराठी वाक्य म्हणा: आंब्यांची पेटी जड आहे. आपल्या वाक्यात आंबे आधी येऊन जातात आणि पेटी क्रियापदाजवळ येते. म्हणून ‘आंब्यांची पेटी जड आहेत’ असं कुणी म्हणत नाही. मुलाला इंग्रजीतलं लांबलचक वाक्य पडलं, की ते आधी मराठीत म्हणायला सांगा आणि विचारा, “जड काय आहे?” ते ‘पेटी’ म्हणेल. तोच कर्ता. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’चंही तसंच. माझ्या मित्रांपैकी एक जण आजारी आहे. आजारी एकच आहे, म्हणून ‘इज’. ‘एव्हरीवन’चा अर्थ आपण ‘सगळे’ असा सांगतो आणि मूल बिचारं ‘एव्हरीवन आर’ लिहितं. अर्थ सांगताना ‘प्रत्येकजण’ हा शब्द वापरा. प्रत्येकजण आला, एकवचन. ‘एव्हरीवन इज’ मग आपसूक येतं.

मराठी सगळीकडे साथ देत नाही, हेही सांगायला हवं. आपले केस अनेक आहेत, इंग्रजीत ‘हेअर इज’. आपली कात्री एक, तिथे ‘सिझर्स आर’. ‘न्यूज’च्या शेवटी ‘एस’ असूनही ती एकच. पोलिसांचं मात्र दोन्हीकडे जुळतं: पोलीस आले, पोलीस आर. असे शब्द थोडे आहेत, ते समोर आले की सांगावेत. आणि क्रिकेटच्या समालोचनात ‘इंडिया आर’ ऐकून मुलानं तसं लिहिलं, तर त्याला लगेच चूक ठरवू नका. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत संघ म्हणजे अकरा खेळाडू असं धरून ‘आर’ म्हणायची रीत आहे.

समालोचनाचा विषय निघाला म्हणून सांगते. या ‘एस’च्या सरावासाठी त्याहून चांगली गोष्ट मला सापडली नाही. अंगणात, गच्चीत मुलं खेळत असतील, तर एकाला बाजूला बसवून इंग्रजीत समालोचन करू द्या: ही रन्स इन, ही बोल्स, शी हिट्स, शी टेक्स अ सिंगल. वाक्यावाक्याला ‘ही’ आणि ‘शी’, वाक्यावाक्याला ‘एस’. तोंडानं म्हणणं फार महत्त्वाचं आहे. ‘हेल्प्स’, ‘आस्क्स’ असे जोडून आलेले शेवट आपल्या जिभेला सवयीचे नाहीत. उच्चारात गिळले गेलेले आवाज मग लिहितानाही गळतात. ‘रन्स’मधला ‘एस’ तर म्हणताना ‘जरा’मधल्या ‘ज’जवळ जातो, म्हणून तो ‘एस’ आहे हे मुलाच्या लक्षातच येत नाही.

आणि ‘माय सेल्फ’ हा निबंध चार वेळा लिहून घेण्याऐवजी एकदा ‘माझी आजी दिवसभर काय करते’ हे पाच वाक्यांत लिहू द्या. आजी उठते, पूजा करते, भाकरी थापते, नातवाला हाक मारते. पाचही वाक्यांत ‘शी’. मुलगी म्हणाली ‘आजी मेक भाकरी’, तर “चूक!” म्हणून तिला तोडू नका. “हो, आजी मेक्स भाकरी,” असं शांतपणे म्हणा आणि पुढचं ऐका. तिच्या कानावर बरोबर रूप पडलं, आणि आजीबद्दल सांगायचा तिचा उत्साहही टिकला.

“बाई, आम्हालाच इंग्रजी येत नाही, आम्ही काय शिकवणार?” असं म्हणणाऱ्या आयांना माझं सांगणं वेगळंच असतं. तुम्हाला इंग्रजी यायची गरजच नाही. मुलाचं वाक्य ऐका, त्याला त्याचा मराठीत अर्थ सांगायला लावा आणि दोन प्रश्न विचारा: कोण? एक की अनेक? उत्तर मुलालाच द्यायचं आहे. हे प्रश्न चुलीपाशी बसूनही विचारता येतात. ज्या घरांत ते विचारले गेले, त्या मुलांच्या वह्यांत मला फरक दिसत गेला.

त्या मुलाच्या वडिलांनी जाताना त्याची वही माझ्यासमोर उघडून ठेवली आणि म्हणाले, “लिही परत.” आवाज या वेळी मऊ होता. मुलानं पाटावर बसावं तशी मांडी घालून व्हरांड्यात बसून लिहिलं: माय फादर इज अ फार्मर. ही गेट्स अप अर्ली. ही गिव्ह वॉटर टू द ओनियन्स.

तिसऱ्या वाक्यात ‘एस’ राहिला होता. वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मी लाल पेन बाजूला ठेवलं आणि ‘गिव्ह’खाली शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं, ‘कोण?’