डोलकाठीचे तणावे

आमच्या बुलढाणा जिल्ह्यास समुद्र नाहीं. तथापि विहिरीवरील कप्पी व तंबूचे तणावे आमच्या विद्यार्थ्यांस अपरिचित नाहींत. शिडाच्या नौकेची सारी भिस्त याच दोन वस्तूंवर असते.

गोव्यांत बांधलेली 'तारिणी' घेऊन भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकारी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालीं १० सप्टेंबर २०१७ रोजीं पृथ्वीप्रदक्षिणेस निघाल्या व २१ मे २०१८ रोजीं परतल्या. त्या नौकेची डोलकाठी सुमारें २५ मीटर उंच. एवढी काठी वाऱ्याचा जोर एकटी सोसूं शकत नाहीं. म्हणून तिला सर्व अंगांनीं ताणून धरावें लागतें. बहुतेक नौकांवर हे तणावे पोलादी तारा पिळून केलेले असतात. प्रत्येकाच्या बुडाशीं, दोहों टोकांस उलट दिशेचे आटे पाडलेला पेंच असतो. तो फिरविला कीं तणावा घट्ट वा सैल होतो. हादऱ्यांनीं तो आपोआप फिरूं नये म्हणून भोंकांतून बारीक खीळ घालून तिचीं टोकें वाकवितात. ही खीळ निसटली तर पेंच उलगडतो, तणावा सुटतो, आणि डोलकाठी एका अंगानें निराधार होते.

खारें पाणी हा येथील खरा शत्रु. न गंजणारें म्हणून ज्या पोलादाची ख्याति, तेंही त्यापुढें टिकतेंच असें नाहीं. त्यांतील क्रोमियम प्राणवायूच्या योगें पृष्ठभागावर अतिसूक्ष्म पापुद्रा धरतें व तोच पोलादाचें रक्षण करतो. परंतु तारेचें टोंक जेथें धातूच्या नळींत दाबून बसविलेलें असतें, तेथें खारें पाणी साचतें, प्राणवायु पोहोंचत नाहीं, पापुद्रा नाहींसा होतो आणि गंज आंतल्या आंत लागतो. वरून सर्व चकचकीत! अनुभवी खलाशी तणाव्यावरून मऊ फडकें फिरवितात. एकहि तार तुटली असेल तर धागा तींत अडकतो. उघड्या हातानें हें करूं नये. तुटकी तार सुईसारखी शिरते. अशी तार आढळली कीं सबंध तणावाच बदलावा. येथें डागडुजीची काटकसर आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

कप्प्या गोड्या पाण्यानें धुवाव्या. विहिरीच्या कप्पीस आपण सढळ हातानें वंगण लावतों. नौकेवर तें चालत नाहीं, कारण जाड वंगणांत मीठ व रेती चिकटून बसते.

डोलकाठी गेली म्हणजे काय प्रसंग ओढवतो? 'गोल्डन ग्लोब' या एकट्यानें करावयाच्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतींत कमांडर अभिलाष टॉमी यांच्या 'थुरिया' नौकेची डोलकाठी २१ सप्टेंबर २०१८ रोजीं दक्षिण हिंदी महासागरांत मोडली. तेथें दोष खिळीचा नव्हे, वादळाचा. पाठीस जबर दुखापत होऊन ते नौकेंतच पडून राहिले. २४ तारखेस 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजानें त्यांस वांचविलें. पुढें २०२२ सालीं ते त्याच शर्यतींत पुनः उतरले. वाऱ्याच्या बळावर सुकाणूं सांभाळणारें यंत्र नादुरुस्त झालें, तेव्हां त्यांनीं शौचकूपाचें दार कापून त्याचें पातें तयार केलें, आणि एप्रिल २०२३ मध्यें दुसऱ्या क्रमांकानें फ्रान्सचा किनारा गांठला.