दाराचा पोचा आणि दुकानातली पट्टी

गाडीचं दार वाचवणाऱ्या ज्या वस्तू बाजारात मिळतात, त्या बनवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मॉलचं पार्किंग असतं. सपाट जमीन, पिवळे पट्टे, शेजारी दुसरी गाडी आणि तिचं दार आपल्या दाराला लागू नये एवढीच काळजी. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे गाडी कुठे उभी राहते ते बघा. चैत्रात महाकालीच्या यात्रेला नदीकाठी, महाशिवरात्रीला मार्कंड्याला धान कापलेल्या बांधीत, ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर झाडाखाली, नाही तर मूल रोडवरच्या एखाद्या लॉनबाहेर, जिथे लग्नाला आलेल्या फटफट्या गाडीच्या चारही बाजूंनी लागतात. इथे दाराला दार लागत नाही असं नाही, पण ते क्वचित.

हे मला समजलं ते चंद्रपुरातल्या एका डेंटरकडे. तोवर दुकानातून सुचवलेलं बरंच काही गाडीला लागलेलं होतं: दाराच्या कडांना चकचकीत गार्ड, चारही दारांवर काळी पट्टी, वर दोन चुंबकाचे पॅड. तरी उजव्या बाजूला पोचे होतेच. डेंटरने ट्यूबलाइट दाराशी आडवी धरली. रंगात तिची सरळ रेघ उमटते आणि पोचा असेल तिथे ती वाकते. मग पोच्याला बोट लावून दाखवत म्हणाला, “हे दाराचं नाही जी, हँडलचं आहे. अन् ही पट्टी खाली कायले लावली?”

पोचा वाचायची त्याची पद्धत कुणालाही शिकता येईल. दुसऱ्या गाडीच्या दाराने लागलं असेल, तर उभी, बारीक, धारदार खाच असते आणि बहुधा तिच्यात त्या गाडीचा रंग अडकलेला असतो. फटफटीच्या हँडलने लागलं असेल, तर वाटोळा खड्डा, कमरेच्या जवळपास, आणि भोवती मुठीच्या रबराचा काळा डाग. पायदानाने लागलं, तर खाली, गुडघ्याच्या आसपास, लांबट ओरखडा. माझ्या उजव्या बाजूचे पोचे जवळजवळ सगळे वाटोळे होते आणि माझी पट्टी त्यांच्या चांगली वीतभर खाली होती. खरेदीला निघण्याआधी आपल्या गाडीवरचे, नवी गाडी असेल तर गल्लीतल्या चार जुन्या गाड्यांवरचे पोचे असे वाचून घ्या. कोणती वस्तू हवी याचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

आता एकेका वस्तूबद्दल.

दाराच्या कडेला बसतो तो गार्ड आपल्या दारावर पोचा पडू देत नाही, अशी बऱ्याच जणांची समजूत असते आणि दुकानदार ती मोडत नाही. तो गार्ड आपलं दार शेजाऱ्याच्या गाडीवर किंवा भिंतीवर आपटलं तर त्याची गाडी आणि आपल्या कडेचा रंग वाचवतो. घरात लहान मुलं असतील तर जरूर लावा, शेजाऱ्याशी संबंध टिकतात. पण लावायचा तो आत चिकट थर असलेला मऊ रबराचा. चिमट्यासारखा दाबून बसवायचा चकचकीत धातूचा नको. दाराच्या कडेला बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो. त्या घडीवर धातू घासला की रंग जातो, मग गडचिरोलीच्या पावसाळ्यात पाणी तिथे दिवसेंदिवस मुरतं आणि गंज आतून सुरू होतो. बाहेरून दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. पोच्याची दुरुस्ती एका दिवसाची असते, गंजलेल्या घडीची तशी नसते.

चुंबकाच्या पॅडबद्दल माझं मत साफ आहे, आपल्या भागात घेऊ नका. कल्पना वाईट नाही: गाडी उभी केली की जाड पॅड दाराला चिकटवायचे, निघताना काढून डिकीत टाकायचे. पण घुग्घुसकडे कोळशाची धूळ, गडचांदूरकडे सिमेंटची, आणि आष्टी-आलापल्लीच्या रस्त्यावर सुरजागडच्या खनिजाची लाल धूळ. पॅड लावताना दार कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसलेलं असणं हे इथे स्वप्नच. पॅड आणि रंग यांच्यामध्ये धूळ सापडते, वाऱ्याने पॅड किंचित हलत राहतो आणि खालचा रंग पॉलिश पेपरने घासल्यासारखा मळकट होतो. झाकण्याच्या कापडी कव्हरचंही उघड्यावर हेच होतं. वळीव येण्याआधी वारा सुटला की कव्हर फडफडतं आणि दिवसभराची धूळ अंगावर रगडतं. कव्हर शेडमध्ये वापरावं. पॅड यात्रेत चोरीलाही जातात, ते वेगळंच.

पारदर्शक फिल्म, जिला सगळे पीपीएफ म्हणतात, ती चांगली चीज आहे, पण ती वाचवते रंगाला. प्लास्टिकसारख्या लवचीक पॉलियुरेथेनचा तो थर मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढा जाड असतो. ट्रकच्या चाकाखालून उडालेली बारीक गिट्टी, रस्त्याकडेच्या बाभळीचा काटा, पायदानाचा ओरखडा हे ती झेलते. हँडल धडकलं की पत्रा मात्र फिल्मसकट आत जातो. सिरॅमिक कोटिंग तर त्याहून कितीतरी पातळ, त्याचं काम पाणी-चिखल चिकटू न देणं. ‘दाराला काही होणार नाही’ असं कुणी या दोन्हींबद्दल सांगत असेल तर पाकीट खिशातच राहू द्या. पूर्ण गाडीला फिल्म लावायला मोठी रक्कम लागते. आलापल्ली-एटापल्लीकडे रोज जाणं असेल तर दाराचा खालचा भाग आणि मागच्या चाकाच्या पुढचा भाग एवढ्यालाच लावून घ्या. गिट्टी तिथेच लागते.

राहिली बाजूची पट्टी, जिला आपल्याकडे बीडिंग म्हणतात. पूर्वी कित्येक गाड्यांना कारखान्यातूनच रबराची जाड पट्टी येत असे, ती दिसायला बोजड वाटू लागली म्हणून गेली. पोचा खरोखर अडवणारी वस्तू हीच, पण दोन अटींवर. एक, ती पत्र्याच्या पुढे ठळकपणे आली पाहिजे. शोभेची, कागदाएवढी पातळ चंदेरी पट्टी म्हणजे दागिना. दोन, ती दाराच्या सगळ्यात फुगीर जागी बसली पाहिजे. फुगीर जागा शोधायला सरळ काठी किंवा गवंड्याचा ओळंबा दाराशी उभा धरा. पत्रा जिथे आधी टेकेल ती जागा. दुकानात पट्टी बसवतात ती मात्र दाराच्या खालच्या नक्षीच्या रेघेला धरून, कारण तिथे ती सरळ दिसते. माझी तशीच बसवलेली होती. उंच गाडीला दोन पट्ट्या, एक फुगीर जागी आणि एक कमरेच्या उंचीला, विचित्र दिसतील हे कबूल. मी लावल्या आहेत. लग्नाला गेलं की मेहुणे हसतात.

फटफटीपासून वाचायचं तर पट्टीपेक्षा गाडी कशी उभी करता याने जास्त फरक पडतो, आणि यात एक साधी गोष्ट आहे जी फार कमी लोक लक्षात घेतात. फटफटीचा साइड स्टँड डाव्या बाजूला असतो, म्हणून ती डावीकडे कललेली उभी राहते. आपल्याच दिशेला तोंड करून ती आपल्या उजवीकडे लागली, तर तिचं हँडल आपल्या ड्रायव्हरच्या दाराकडे झुकलेलं असतं. तीच आपल्या डावीकडे असेल तर ती आपल्यापासून लांब कलते. त्यातून मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७-४८ अंशांवर गेला की डांबर मऊ पडतं आणि स्टँड आत रुततो. पावसाळ्यात काळ्या मातीत तेच होतं. गाडी उभी असताना तुम्ही जवळ नसता, कुणी धक्काही दिलेला नसतो, आणि फटफटी सावकाश येऊन तुमच्या दारावर विसावते. म्हणून भिंत, झाड, चौकीचा ओटा, जे सापडेल ते उजव्या हाताला ठेवा आणि मध्ये जेमतेम दोन फूट सोडा. तुम्हाला तिरकं होऊन उतरता येतं, फटफटीवाल्याला मात्र आत घुसायचा मोह होत नाही.

बांधीत गाडी लावताना शत्रू वेगळा, तो म्हणजे उतार. धानाच्या बांधीत एक चाक धुऱ्यावर आणि एक खाली असं झालं की गाडी एका बाजूला कलते, आणि खालच्या बाजूचं दार हातातून सुटून पार शेवटपर्यंत जातं. दाराला मध्ये थांबवणारा जो खटका असतो, तो अशा उतारावर धरत नाही, जुन्या गाडीत तर मुळीच नाही. मार्कंड्याला आमच्या शेजारच्या गाडीचं दार असंच सुटून आमच्या मागच्या दारावर आलं. त्यांच्या दाराच्या कडेला रबर असतं तर नुसता डाग पडला असता. बांधीत मुलांना आधी उतरू देऊ नका, मोठ्या माणसाने बाहेरून दार धरून त्यांना उतरवावं.

जंगलातल्या रस्त्यांवर रोही किंवा रानडुक्कर आडवं येतं, म्हणून पुढे लोखंडी गार्ड लावायची हौस आपल्याकडे भारी. दाराशी त्याचा संबंध नाही, तरी दुकानदार जोडीने खपवतो म्हणून सांगतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना या गार्डांवर कारवाई करायला कळवलं होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली तो गाडीतला बेकायदा बदल ठरतो. शिवाय धडकेचा जोर चासीवर जातो आणि एअरबॅग उघडण्याचं गणित बिघडू शकतं.

पोचा पडलाच, तर विम्याकडे धावण्याआधी हिशेब करा. दावा न केलेल्या वर्षांबद्दल स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात सूट मिळते, पहिल्या वर्षानंतर २० टक्के, वाढत वाढत पाच वर्षांनी ५० टक्के. एका पोच्यासाठी दावा केला की ती शून्यावर येते. वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक दाव्यात १००० रुपये स्वतःचे, त्यापुढे २०००. रंग तडकलेला नसेल आणि पोचा घडीवर नसेल, तर आतून सळईने दाबून तो काढणारे कारागीर असतात, त्यांच्याकडे जा. पुट्टी भरून रंग मारलेलं दार पुन्हा मूळचं होत नाही. आणि असा नवा रंग मारला असेल तर निदान महिनाभर त्यावर काहीही चिकटवू नका, पट्टी निघताना रंग सोबत येतो.

पट्टी बसवायला डिसेंबर-जानेवारीची दुपार बरी. पत्रा ना थंडगार ना तापलेला. उन्हाळ्यात दाराला हात लाववत नाही अशा वेळी चिकटवलेली पट्टी तिरकी बसली की निघत नाही. दुकानदाराला मागची टेप उलटून दाखवायला सांगा. पांढऱ्या स्पंजची स्वस्त टेप आमच्या एका उन्हाळ्यात वितळून ओघळते, राखाडी ॲक्रेलिक फोमची घ्या. दार आधी साबणाने धुवा, वाळवा, मग औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटने पुसा, आणि त्यानंतर बोटही लावू नका. जुनी पट्टी काढायची असेल तर केस वाळवायच्या यंत्राने कोमट करा आणि मागून गळाचा नायलॉन दोरा करवतीसारखा ओढा, चाकू नको. नवी चिकटवल्यावर अंगठ्याने टोकापासून टोकापर्यंत दाबत जा. टेपची पकड पूर्ण बसायला तीन दिवस लागतात, तेवढे दिवस गाडी धुऊ नका.