जुनी गाडी, नवा धंदा : पैसे देण्याआधी गटात करायचा अभ्यास



आपल्या गटांच्या बैठकांत हल्ली एक प्रश्न वारंवार निघतो. "ताई, एखादी जुनी गाडी किंवा ट्रेलर घेऊन त्यात खाण्याचं दुकान काढलं तर?" नवी तयार फूड व्हॅन लाखांत जाते आणि गॅरेजच्या कोपऱ्यात जुना टेम्पो पडून असतो, म्हणून हा विचार येणं साहजिक आहे. आणि तो चुकीचाही नाही. पण या एका व्यवहारात गटाची कित्येक वर्षांची बचत जाते आणि वर कर्ज होतं. म्हणून या अंकाचा पाठ याच विषयावर. बैठकीत एकीने मोठ्याने वाचा आणि हिशेब वहीत मांडा.

पाठाचं सूत्र एवढंच : आधी जागा, मग कागद, मग सांगाडा आणि सगळ्यात शेवटी रंग. बहुतेक वेळा आपली चर्चा रंगापासून आणि नावाच्या पाटीपासून सुरू होते. ती उलटी करायची आहे.

१. जुन्या गाडीचं काय होऊ शकतं?

पुण्यात २०१६ मध्ये पीएमपीएमएलच्या सेवेतून काढलेल्या जुन्या बस घेऊन त्यात बायकांसाठी स्वच्छतागृहं केली. त्यांना नाव दिलं 'ती'. आत शौचालय आणि हात धुवायची सोय, छतावर सौर पॅनेल, वापरायचे ५ रुपये. दुसरं उदाहरण मुंबईचं. सीएसएमटी स्टेशनच्या आवारात मध्य रेल्वेने ऑक्टोबर २०२१ मध्ये जुन्या डब्यात हॉटेल सुरू केलं. अमेरिकेतही जुने ॲल्युमिनियमचे प्रवासी ट्रेलर दुरुस्त करून लोक त्यात चहा-नाश्ता विकतात.

या उदाहरणांत एक गोष्ट बघा. ती बस आणि तो डबा आता प्रवासाला धावत नाहीत, एका जागी उभे आहेत. त्यांचा उपयोग झाला तो मजबूत सांगाडा, डोक्यावर छप्पर आणि माणसांची ये-जा असलेली जागा यांमुळे. म्हणून गटाने स्वतःला पहिला प्रश्न विचारायचा : आपल्याला गाडी रोज हलवायची आहे का? हलवायची असेल तर चालू इंजिनाचा टेम्पो हवा, त्याचं डिझेल आणि ड्रायव्हर आला. आठवड्यातून एखाद्या वेळी हलवायची असेल तर दुसऱ्या गाडीने ओढायचा बिनइंजिनाचा ट्रेलर पुरतो. आणि कायम एकाच जागी उभी करायची असेल, तर इंजिनासाठी पैसे कशाला मोजायचे?

२. आधी जागा

आपल्या ओवे गावाचंच बघा. ओवे कॅम्पला लागून टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर संशोधन आणि उपचार केंद्र आहे. पलीकडे तळोजा एमआयडीसी. आणि १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो धावते, तिची ११ स्टेशनं आहेत. म्हणजे गिऱ्हाईक तीन प्रकारचं.

पेशंटच्या नातेवाइकांना मऊ भात, मुगाचं वरण, पेज असं कमी तिखट जेवण लागतं. कामगाराला पाळीच्या वेळेला गरम भाकरी-उसळ हवी. मेट्रोचा प्रवासी हातात घेऊन चालू लागेल असं काहीतरी मागतो. भाकरीला मोठा तवा आणि जास्त गॅस लागतो, पेजेला मोठी पातेली, घडीभर थांबणाऱ्या गिऱ्हाइकाला रुंद खिडकी. आतली मांडणी गिऱ्हाईक ठरवतं, म्हणून जागा ठरल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही.

परवानगी कोण देणार? १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका झाली आणि ओवे तिच्या हद्दीत आलं. म्हणून ओव्यातल्या गटांना पालिकेकडे जावं लागेल. जागा सिडकोची, एमआयडीसीची की खासगी, तेही आधी विचारा. हद्दीबाहेरच्या गावांतल्या ताईंनी ग्रामपंचायतीपासून सुरुवात करावी.

शहरी भागासाठी पथविक्रेता कायदा, २०१४ आहे. त्यात विक्री प्रमाणपत्राची आणि नगर पथविक्रेता समितीची तरतूद आहे. समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले आणि त्यांत एक तृतीयांश महिला असाव्यात, असं हा कायदा सांगतो. माल जप्त झाला तर त्याची यादी मागणं हा विक्रेत्याचा हक्क आहे. हे माहीत असलं की कुणी दमदाटी केली तरी आपण नीट बोलू शकतो.

३. मग कागद

गाडी कितीही छान दिसो, कागद बघितल्याशिवाय बयाणा द्यायचा नाही. ट्रेलरला इंजिन नसतं म्हणून कागद नकोत, असं कुणी सांगेल. ते खरं नाही. मोटार वाहन कायद्यात ट्रेलरही वाहनच आहे. वहीत हे लिहून घ्या :

• आरसी बुकावरचं नाव आणि विकणाऱ्याचं नाव एकच आहे का? चासी नंबर गाडीवर जाऊन स्वतः जुळवा. एम-परिवहन ॲपवरही माहिती दिसते.
• आरसीवर बँकेचा बोजा आहे का? असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आधी मागा.
• थकलेला टॅक्स आणि ई-चलान किती? ते कोण भरणार, हे कागदावर लिहून घ्या.
• विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत नाव बदलण्याचा अर्ज करायचा असतो.
• व्यावसायिक गाडीला ८ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतो. गाडीचं वय वाढतं तशी फी वाढते.
• पत्रा कापून खिडकी करणं, मागे वाढवणं याला कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची मंजुरी लागते. वेल्डरकडे जाण्याआधी आरटीओत विचारा.

४. गाडी कुणाच्या नावावर?

या मुद्द्यावर बैठकीत घाई करू नका. कर्ज ताईच्या नावावर, राबणार ताई, आणि आरसी बुक मात्र नवऱ्याच्या, दिराच्या किंवा मुलाच्या नावावर, असं आपल्याकडे सहज होतं. "आरटीओत कोण जाणार, त्यांच्या नावावर करून टाकू" एवढं सोपं कारण असतं. पण गाडी विकायचा हक्क आरसीवरच्या माणसाला असतो. अपघात झाला तर विम्याचे पैसेही त्यालाच मिळतात. उद्या घरात वाद झाला, तर हप्ते आपल्याकडे राहतील आणि गाडी जाईल.

हा घरच्यांवर अविश्वास नाही. बँकेत आपण पासबुक स्वतःच्या नावाचं ठेवतो, तसंच हे. गट नोंदणीकृत संस्था नसेल तर गाडी साधारण एका व्यक्तीच्या नावावर होते. अशा वेळी ती गटातलीच ताई असू द्या. सोबत गटाचा ठराव करा, आणि कुणाचे किती पैसे, नफा कसा वाटायचा, एखादी बाहेर पडली तर तिला काय द्यायचं, हे स्टॅम्प पेपरवर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

५. मग सांगाडा

गाडी बघायला दिवसा जा, सोबत ओळखीचा मेकॅनिक न्या. घरचं साहित्यही चालेल : लोहचुंबक, छोटी हातोडी, बॅटरी आणि पाण्याची बादली.

लोखंडी पत्र्यावर चुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे गंज लपवायला लांबी भरलेली असू शकते. ॲल्युमिनियम किंवा फायबरच्या बॉडीला ही परीक्षा चालत नाही. खाली वाकून चासीवर हातोडीने हलकं ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला, पापुद्रे पडले, तर गंज आत गेलाय. छतावर बादलीभर पाणी ओता आणि आत उभं राहून बघा. आपल्याकडचा पाऊस चार महिन्यांचा, तेव्हा जे छत बादलीला गळतं ते आषाढात काय टिकणार? टायरवर चार आकडे एकत्र असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी फार जुना टायर बदलावाच लागतो.

दुरुस्तीचा क्रम : चासीचं वेल्डिंग, छत, वायरिंग, आतला ओटा, मग रेड ऑक्साइड आणि रंग. पाण्याची टाकी चाकांच्या दांड्यावर येईल अशी बसवा. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो वजन. ते एका कडेला ठेवलं तर ट्रेलर कलतो.

गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो. म्हणून हवेची जाळी जमिनीलगतही हवी. धंद्याला घरगुती सिलिंडर चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिकच घ्या. आग विझवायचं नळकांडं दाराजवळ ठेवा, शेगडीच्या मागे नको. तेलाच्या कढईला आग लागली तर पाणी ओतायचं नाही, गॅस बंद करून झाकण ठेवायचं.

अन्न विकायचं म्हणजे एफएसएसएआयची नोंदणीही लागतेच. २०११ च्या नियमांत छोट्या व्यावसायिकासाठी तिची फी वर्षाला १०० रुपये ठरलेली आहे.

६. वहीतला हिशेब

हे आकडे फक्त शिकण्यासाठी आहेत. तुमचे तुम्ही घाला.

गाडी १,१०,०००, वेल्डिंग आणि छत ४५,०००, वायरिंग, ओटा, बेसिन ३५,०००, शेगडी-भांडी ३०,०००, कागद आणि विमा २०,०००. एकूण २,४०,०००. जुन्या गाडीत उघडल्यावर काहीतरी निघतंच, म्हणून १५ टक्के राखीव, म्हणजे ३६,०००. झाले २,७६,०००. त्यात बचत ७६,००० आणि कर्ज २,००,०००.

महिन्याचा ठरलेला खर्च : हप्ता ७,०००, जागा ३,०००, वीज १,५००, दुरुस्तीसाठी बाजूला २,०००. एकूण १३,५००. महिन्यात २५ दिवस धंदा धरला तर रोजचे ५४०. दोन ताईंची मजुरी ४०० प्रमाणे ८००. मजुरी धरायचीच, आपलं राबणं फुकट नाही. झाले १,३४०. ५० रुपयांच्या थाळीत सामान आणि गॅस ३० रुपये गेला तर २० उरतात. म्हणजे रोज ६७ थाळ्या खपल्या तर बरोबरी, त्यापुढे नफा. जुलैत पावसाने १५ दिवसच धंदा झाला, तर हाच आकडा ८५ वर जातो.

आता प्रश्न सोपा झाला : आपल्या जागेवर ६७ माणसं जेवतील का? घरी बसून सांगता येणार नाही. दोघींनी एक कामाचा दिवस आणि एक रविवार तिथे उभं राहून मोजायचं. गाडी घेण्याआधी महिनाभर टेबल मांडून किंवा डबे देऊन विकून बघता आलं तर फारच उत्तम. आकडा जमत नसेल, तर गाडी न घेणं हाही चांगला निर्णय आहे.

पैशांबद्दल एक सूचना. पीएम स्वनिधीचं कर्ज २०२५ च्या बदलानंतर टप्प्याटप्प्याने १५,०००, २५,००० आणि ५०,००० असं मिळतं. ते खेळत्या भांडवलासाठी, म्हणजे तांदूळ, तेल, गॅससाठी ठेवा. गाडीसाठी गटाचं कर्ज किंवा बँकेचं मुद्रा कर्ज बघा.

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गावाजवळच्या तीन जागा लिहा. प्रत्येक जागी गिऱ्हाईक कोण, वेळ कोणती, जागा कुणाच्या मालकीची?
२. आपल्याला टेम्पो हवा, ट्रेलर हवा, की नुसता उभा डबा?
३. वरचा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी मांडा. रोज किती थाळ्या?
४. आरसी बुक कुणाच्या नावावर, आणि का?

उत्तरं इतिवृत्तात लिहा. ज्या गटाचे चारही प्रश्न सुटले असतील, त्यांनी गाडी बघायला जाण्याआधी मला कळवा. कागदांची यादी घेऊन मी सोबत येते.

— तुमची क्षेत्र समन्वयक